मोठ्या अन्न कंपनीचं उत्सर्जन: पहिला हात कुठे घालायचा?

चाळणी
बड्या खाद्य कंपन्यांचे पर्यावरण अहवाल उघडले की पहिल्या पानावर हमखास छपरावरचे सौर पॅनेल. आकडे मागे परिशिष्टात दडलेले. तिथे पाहिलं तर स्कोप १ (स्वतःचे बॉयलर, गाड्या, शीतवायू) आणि स्कोप २ (विकतची वीज) मिळून बहुतेकदा दहा-वीस टक्क्यांच्या आतच असतात. उरलेला सगळा डोंगर स्कोप ३ चा (कंपनीच्या बाहेर, पुरवठा साखळीत होणारं उत्सर्जन), आणि त्यातही मोठा भाग विकत घेतलेल्या कच्च्या मालाचा.

समजा दूध पावडर, बिस्किटं, खाद्यतेल आणि गोठवलेले पदार्थ बनवणारी, वीस-पंचवीस कारखान्यांची कंपनी आहे. तिला दहा वर्षांत उत्सर्जन खरोखर उतरवायचंय, नुसतं कागदावर नाही. माझं मत असं की कारखान्यातली कामं दुय्यम, सुरुवात खरेदी विभागापासून व्हावी. पटत नसेल त्यांनी आकड्यांनिशी भांडावं. वृक्षारोपणाचे सल्ले नकोत.

खट्याळ खारुताई
वृक्षारोपण नको म्हणजे निम्मे प्रतिसाद आधीच बाद केलेत की!

वाफाळ
चाळणी, टक्केवारी बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. शेतातला बदल दिसायला पाच हंगाम जातात, कारखान्यातला पुढच्या महिन्याच्या इंधनाच्या बिलात दिसतो.

वाफेचंच घ्या. बॉयलरच्या पाटीवर कार्यक्षमता 85 टक्के असते, पण ती बॉयलरच्या तोंडाशी. तिथून यंत्रापर्यंत उघडे व्हॉल्व्ह, आवरण नसलेले फ्लँज (पाइपांचे जोड), अडकलेले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) आणि गटारात सोडलेलं कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) धरलं की जुन्या कारखान्यात इंधनातली 60-65 टक्केच उष्णता कामी येते. आधी ट्रॅप तपासा. त्यासाठी नुसता तापमापक पुरत नाही, कारण उघडा अडकलेला ट्रॅपही गरम आणि धडधाकट ट्रॅपही गरम. अल्ट्रासोनिक यंत्राने आवाज ऐकावा लागतो. धडधाकट बहुतेक ट्रॅप थांबून थांबून सोडतात, बिघडलेला एकसारखा फुसफुसत राहतो. मग कंडेन्सेट परत आणा. बॉयलरला जाणारं पाणी 6 अंशांनी जास्त गरम असलं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं. मग धुराड्यातला ऑक्सिजन बघा. गॅसच्या बॉयलरला तो 3 टक्क्यांच्या आसपास राखता येतो. 7-8 दिसत असेल तर फुकटची हवा तापवून वर सोडणं चाललंय.

हीट पंप (विजेवर वाया जाणारी उष्णता उचलून जास्त तापमानाला नेणारं यंत्र) यानंतर. लोक उलटं करतात, आधी पंप घेतात आणि मग गळती थांबवतात. मग कळतं की निम्म्या आकाराचा पंप पुरला असता.

शून्याखाली
वाफाळ यांच्याशी सहमत, पण त्यांनी शीतयंत्रणा सोडूनच दिली. आर४०४ए या शीतवायूचा तापमानवाढ गुणांक (एक किलो वायू किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो) 3,900 च्या घरात आहे. 500 किलो वायू भरलेली, लांबलचक पाइपांची यंत्रणा वर्षाला 15 टक्के गळत असेल, आणि ही गळती अजिबात नवलाची नाही, तर 75 किलो म्हणजे जवळजवळ 300 टन कार्बन डायऑक्साइडइतकं. हे वीजबिलात दिसत नाही. दिसतं ते देखभाल खात्याच्या सिलिंडर खरेदीत, तेही 'किरकोळ' या सदराखाली.

नवीन यंत्रणा घेताना मोठ्या शीतगृहाला अमोनिया, मध्यम आकाराला कार्बन डायऑक्साइड, छोट्या बंद कपाटांना प्रोपेन. जुन्या यंत्रणेत नुसता कमी गुणांकाचा वायू भरून मोकळं होऊ नका. रबरी सील आणि तेल तपासल्याशिवाय बदल केला की नव्या वायूची गळती जुन्यापेक्षा वाढते. अमोनिया विषारी आहे, त्यामुळे गळतीचे सेन्सर आणि वायुवीजन हा खर्च पहिल्या दिवसापासून धरायचा.

तापमानाचंही बघा. बाष्पीभवनाचं तापमान 1 अंशाने वर नेता आलं तर कॉम्प्रेसरची 2-3 टक्के वीज वाचते. पंख्यांच्या कॉइलवर बर्फ साचलेला असताना सेटिंग बदलण्यात अर्थ नाही, आधी डीफ्रॉस्ट नीट लावा.

हिशेबनीस
हीट पंपाबद्दल एक गणित, कारण इथे बरेच जण फसतात. नैसर्गिक वायू जाळला की युनिटमागे (किलोवॅट-तासामागे) सुमारे 0.2 किलो कार्बन डायऑक्साइड. 85 टक्के कार्यक्षमतेचा बॉयलर धरला तर उष्णतेच्या युनिटमागे 0.24. आता ग्रिडची वीज कोळशावरची असेल आणि युनिटमागे 0.7 किलो पडत असतील, तर पंपाचा सीओपी (एक युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते) 2.9 च्या वर गेल्याशिवाय फायदा शून्य. ग्रिड 0.3 चा असेल तर दीडचा सीओपीही चालतो. म्हणून एकाच कंपनीच्या दोन देशांतल्या कारखान्यांना दोन वेगळी उत्तरं असू शकतात. मुख्यालयातून 'सगळीकडे हीट पंप' असं फर्मान सुटलं की समजावं, हे गणित कोणी केलेलं नाही.

वाफाळ
गणित मान्य, पण तुलना बॉयलरच्या तोंडाशी केलीत. वाटेतली गळती धरून 65 टक्क्यांवर करा: 0.2 भागिले 0.65, म्हणजे 0.31. मग 0.7 च्या ग्रिडलाही 2.3 चा सीओपी पुरतो. अमोनिया यंत्रणेच्या कंडेन्सरमधून 30-35 अंशांची उष्णता फुकट हवेत जात असते. ती उचलून धुलाईसाठी 65-70 अंशांचं पाणी करायचं असेल तर सीओपी 4 च्या वर सहज मिळतो. 140 अंशांची वाफ हवी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणून आधी विचारायचं की इथे वाफ खरंच लागते का. पाणी तापवायला 8 बारची वाफ वापरणारे कारखाने ढिगाने आहेत.

हिशेबनीस
आपणच आधी सांगितलंत की गळती अगोदर थांबवायची. थांबवल्यावर 65 चे 75 होणार. मग 2.6.

वाफाळ
पकडलंत.

फेस
दूध पावडरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सगळी मेख ड्रायरमध्ये आहे. बाष्पकाला (ड्रायरच्या आधी दूध आटवणाऱ्या यंत्राला) एमव्हीआर असेल, म्हणजे निघालेली वाफ पंख्याने किंवा कॉम्प्रेसरने दाबून पुन्हा तापवायला वापरत असाल, तर टनभर पाणी काढायला 10 ते 25 युनिट वीज लागते. स्प्रे ड्रायरमध्ये तेच टनभर पाणी काढायला बाराशेच्या वर युनिट उष्णता जाते. म्हणून पाणी होईल तेवढं बाष्पकातच काढायचं.

1,000 किलो घनपदार्थांवर हिशोब करू. ड्रायरला 45 टक्के घनतेचं दूध दिलं तर 4 टक्के ओलाव्याच्या पावडरीसाठी 1,180 किलो पाणी उडवावं लागतं. 50 टक्के घनतेचं दिलं तर 958 किलो. नुसत्या पाच टक्क्यांनी ड्रायरवरचा भार जवळजवळ एकोणिसाव्या हिश्श्याने…

फेस
चूक झाली: एकोणीस टक्क्यांनी. मागचा प्रतिसाद आता बदलता येत नाहीये.

आणि हे वाटतं तितकं सोपं नाही. घनता वाढली की दाटपणा सरळ रेषेत वाढत नाही, 48 च्या पुढे एकदम उसळतो. थेंब मोठे होतात, मधून ओले राहतात, पावडर सायक्लोनच्या (हवेतून पावडर वेगळी करणाऱ्या शंकूच्या) भिंतीला चिकटते आणि साचलेली पावडर तापून आग लागायची भीती असते. शिवाय दाट दूध टाकीत उभं ठेवलं की आणखी दाट होत जातं. उपाय म्हणजे ड्रायरच्या आधी 70 अंशांच्या आसपास तापवून दाटपणा उतरवायचा, मधली टाकी छोटी ठेवायची आणि घनता दर आठवड्याला अर्ध्या टक्क्याने वाढवत न्यायची. एका रात्रीत 45 वरून 50 वर गेलेला ऑपरेटर दुसऱ्या दिवशी परत 44 वर येतो आणि मग वर्षभर हलत नाही.

खट्याळ खारुताई
म्हणजे दूध आटवणं ही हवामान-कृती झाली. आता दुधासाठी एकच उपाय उरला: गायींना ढेकर देण्यास मनाई करणारं परिपत्रक. दिवे घ्या.

रवंथ
दिवे घेतले, पण निदान ढेकर म्हणालात हे बरं केलंत. बहुतेकांना वाटतं मिथेन मागून येतो. बहुतांश तोंडावाटेच येतो. बायोजेनिक (जनावरांसारख्या सजीवांपासून आलेल्या) मिथेनचा गुणांक शंभर वर्षांच्या हिशेबात 27 आहे, त्यामुळे दुधाच्या कंपनीत हाच सगळ्यात जाड आकडा असतो.

परिपत्रकाऐवजी ३-एनओपी नावाचं खाद्यपूरक आहे. युरोपीय संघाने 2022 साली दुभत्या गायींसाठी त्याला मंजुरी दिली. मिथेन साधारण 30 टक्क्यांनी उतरतो. अडचण अशी की ते पोटात काही तासांत विरून जातं, त्यामुळे दिवसभर खाल्ल्या जाणाऱ्या मिश्र आहारातच कालवावं लागतं. चरणाऱ्या गायींना दोन धारांच्या वेळी दिलं तर मधल्या वेळात परिणाम ओसरतो. दुसरी अडचण खरी मोठी. याने दूध वाढत नाही, म्हणजे पशुपालकाला स्वतःहून वापरायचं काहीच कारण नाही. कंपनीने पैसे थांबवले त्या दिवशी परिणामही थांबतो.

त्यामुळे आधी कंटाळवाणी कामं करावीत. कासदाह कमी करणं, वेतांमधलं अंतर घटवणं, वासरांची मरतूक थांबवणं. दूध न देणारी जनावरं कळपात कमी झाली की लिटरमागचा मिथेन उतरतो आणि पशुपालकाच्या खिशातही पडतं. फक्त यात लबाडी होते ती अशी: लिटरमागे कमी झालं म्हणून टाळ्या, पण एकूण लिटर वाढल्याने एकूण मिथेन तेवढाच किंवा जास्त. अहवालात दोन्ही आकडे मागा.

गोणपाट
एवढं सगळं करण्यापेक्षा जवळपासचाच कच्चा माल घ्या ना. वाहतुकीचा धूर वाचेल.

हिशेबनीस
गोणपाट, हा समज फार चिवट आहे. 2018 साली 'सायन्स'मध्ये 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांचा अभ्यास आला होता, त्यात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा 6 टक्क्यांच्या आसपास निघाला. अपवाद विमानाने येणाऱ्या मालाचा, तो बंद करा. जहाजाने आलेला, नीट पिकवलेला माल पुष्कळदा जवळच्या तापवलेल्या हरितगृहातल्या मालापेक्षा हलका पडतो.

नांगरफाळ
शेतीकडे येऊ. पिकांत दोन खलनायक: नत्र आणि साचलेलं पाणी.

नत्राचा ढोबळ नियम असा की शेतात घातलेल्या नत्रापैकी 1 टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. 100 किलो नत्र घातलं तर 1 किलो नत्र, म्हणजे त्याला जोडलेला ऑक्सिजन धरून 1.57 किलो नायट्रस ऑक्साइड, गुणिले 273, म्हणजे 430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. खत बनवतानाचं वेगळं. हा जगभराचा सरासरी नियम आहे, ओल्या जमिनीत आकडा वाढतो, कोरड्यात घटतो. त्यामुळे पुरवठादाराला 'शाश्वत शेती करता का' हे विचारू नका. हेक्टरी नत्र किती, किती हप्त्यांत, उत्पादन किती, हे तीन आकडे मागा. उत्पादनातून निघून गेलेलं नत्र वजा केलं की उरलेलं जास्तीचं दिसतं, आणि कपात तिथे करायची. सरसकट 20 टक्के खत कापा म्हटलं तर उत्पादन पडतं आणि तेवढा माल दुसरीकडून, कदाचित नव्याने तोडलेल्या जमिनीवरून, घ्यावा लागतो.

नायट्रिफिकेशन (मातीत अमोनियाचं नायट्रेट होणं) रोखणारी रसायनं कामाची आहेत, पण आधी त्यांच्या अवशेषांची मर्यादा तपासा. न्यूझीलंडमध्ये डीसीडी या अशाच एका रसायनाचे अंश दुधात सापडल्यावर 2013 च्या जानेवारीत त्याची विक्री थांबवावी लागली होती. प्रमाण सुरक्षित होतं, पण निर्यातीच्या बाजारात त्याने भागत नाही.

भातासाठी आलटून पालटून ओलं-कोरडं करण्याची पद्धत. साधारण 30 सेंटिमीटरची, खालच्या निम्म्या भागाला भोकं पाडलेली नळी शेतात रोवायची आणि आतली माती काढायची. नळीतलं पाणी जमिनीच्या 15 सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा 5 सेंटिमीटर पाणी भरायचं. फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा पाणी उभंच ठेवायचं, नाहीतर दाणे पोचट राहतात. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या) 2019 च्या गुणकांप्रमाणे हंगामात अनेकदा पाणी काढलं तर मिथेन सतत भरलेल्या शेताच्या 55 टक्क्यांवर येतो. नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, तो हिशेबातून गाळायचा नाही. कालव्याचं पाणी स्वतःच्या हातात नसेल तर मात्र ही पद्धत बारगळते. पाणी पुन्हा मिळेलच याची खात्री नसताना कोण सोडेल?

खरेदीखत
नांगरफाळ यांचा प्रतिसाद छापून प्रत्येक खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलावर लावावा. पण त्या अधिकाऱ्याचा बोनस कशावर ठरतो हेही विचारा. टनामागे भाव किती खाली आणला यावर. तो बदलल्याशिवाय वरचं सगळं भिंतीवरच राहील.

करारात मुदत आणि खंड यांची हमी हवी. एका हंगामाच्या करारावर कोणी नळ्या रोवत नाही की खताचं यंत्र घेत नाही. तीन ते पाच वर्षं लागतात. प्रीमियम द्यायचा तर तो पद्धतीवर किंवा मोजलेल्या नत्रावर द्या, 'कमी झालेल्या टनां'वर नको. टन हे मॉडेलमधून निघतात, दुष्काळ पडला की हलतात आणि मग भांडण होतं. आणि हे कलम विसरू नका: याच पिकातली कपात पुरवठादाराने कार्बन क्रेडिट म्हणून बाहेर विकायची नाही. विकली तर ती तुमच्या स्कोप ३ मध्ये मोजता येणार नाही. एकाच पुरवठादाराकडून चार कंपन्या घेत असतील तर खर्च आणि दावा दोन्ही खरेदीच्या प्रमाणात वाटून घ्या.

हिशेबनीस
याला जोडून. बहुतेक कंपन्यांचा स्कोप ३ अजून रुपये-डॉलरवर चालतो: इतक्या पैशांचा माल, गुणिले क्षेत्राचा सरासरी गुणक. यात भाव वाढला की उत्सर्जन वाढतं आणि घासाघीस करून भाव पाडला की 'कपात' होते! पुरवठादाराने कितीही सुधारणा केली तरी आकडा हलत नाही. निदान वरच्या दहा-पंधरा मालांचा हिशोब टनांवर आणा, नंतर प्रत्यक्ष शेताच्या आकड्यांवर. पद्धत बदलली की पायाभूत वर्षही त्याच पद्धतीने पुन्हा मोजायचं. ते न करता आलेली घट ही घट नव्हे.

एसबीटीआयने (कंपन्यांची हवामान उद्दिष्टं तपासणाऱ्या संस्थेने) सप्टेंबर 2022 मध्ये शेती-जंगल-जमिनीसाठी वेगळी चौकट आणली. तिच्यानुसार जमिनीचं उद्दिष्ट आणि ऊर्जेचं उद्दिष्ट वेगवेगळं ठेवावं लागतं. छपरावरच्या सौर पॅनेलने गायीचा मिथेन फेडता येत नाही.

नांगरफाळ
पाम तेल, सोया, कोको असेल तर जंगलतोड सगळ्यात आधी बघा. जमीन बदलाचं उत्सर्जन साधारण 20 वर्षांवर वाटलं जातं, त्यामुळे अलीकडे तोडलेल्या जमिनीवरचा एक टन माल जुन्या शेतातल्या कित्येक टनांना भारी पडतो. पाणी उपसून कोरड्या केलेल्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली) जमिनीवरचं पाम आणखी वाईट, तिथून हेक्टरी वर्षाला 40 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, झाडं उभी असली तरी. 'मास बॅलन्स'चं प्रमाणपत्र म्हणजे तुमच्या टाकीतलं तेल त्या शेतातलं आहे असं नव्हे, तेवढं प्रमाणित तेल साखळीत कुठेतरी शिरून इतर तेलात मिसळलं एवढंच. गिरणीपर्यंतचा माग पुरत नाही, शेताच्या हद्दीचे अक्षांश-रेखांश लागतात.

मातीतल्या कार्बनवर मात्र भिस्त ठेवू नका. एकाच शेतात दहा पावलांवर आकडा बदलतो, नमुने निदान 30 सेंटिमीटर खोल घ्यावे लागतात, आणि कोणी एकदा खोल नांगरलं की साठलेल्यातलं पुष्कळ परत हवेत.

चाळणी
धागा भरून पावला. वाफाळ आणि शून्याखाली यांनी मत थोडं हलवलं: शीतवायू आणि वाफ लगेच घ्यावी, करारांना वेळ लागतो म्हणून ते त्याच दिवशी सुरू करावेत. 'आधी हे, मग ते' ही माझी मांडणीच चुकली. पण कारखाना आणि खरेदी यांना जोडणारं काही आहे का? की दोन वेगळी खातीच राहणार?

फेस
आहे, गटारात. खरंच सांगतोय.

दुधाच्या कारखान्याचं सांडपाणी दिवसाला 1,000 घनमीटर आणि सीओडी (पाण्यातला सेंद्रिय कचरा पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 2,000 मिलिग्रॅम असेल तर दिवसाला 2,000 किलो सीओडी. लिटरभर दुधाचा सीओडी 0.2 किलोच्या आसपास. बहुतेक भार दुधाचाच धरला तर दिवसाला 10,000 लिटर दूध गटारात जातंय. आता लोक काय करतात? बायोगॅसचा प्रकल्प टाकतात. किलोभर सीओडीमागे जास्तीत जास्त 0.35 घनमीटर मिथेन, 80 टक्के उतारा धरून 560 घनमीटर. त्याने वाचलेल्या इंधनाचं उत्सर्जन दिवसाला 1.1 टन. पण त्या 10,000 लिटर दुधाचं गोठ्यातलं उत्सर्जन, अगदी कार्यक्षम गोठा धरून लिटरला किलोभर म्हटलं, तरी 10 टन! फोटो निघतो तो बायोगॅसच्या घुमटाचा.

म्हणून आधी दूध गटारात जाणं थांबवा. पाइप धुण्याआधी आतलं उत्पादन पिगने (पाइपात सरकवायच्या बोळ्याने) किंवा हवेने ढकलून काढा, दूध-पाण्याची सीमा वेळेवर न ठरवता गढूळपणाच्या सेन्सरवर ठरवा, एकामागोमाग येणाऱ्या मालाचा क्रम असा लावा की मधली धुलाई टळेल. उरलेल्यासाठी बायोगॅस जरूर, पण स्निग्धांश आधी काढून. नाहीतर चरबी गाळाला चिकटते, गाळ तरंगून वाहून जातो आणि टाकी महिनाभर आजारी. घुमटाची गळतीही तपासत राहा, तोही मिथेनच.

खरेदीखत
हे भारी आहे. म्हणजे गटारातल्या लिटरांवर गोठ्याचा गुणक लावला की कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या खात्यावरही स्कोप ३ येतो.

वाफाळ
फेस, सीओडीचा मीटर कुठे बसवायचा? मुख्य गटाराच्या शेवटी?

फेस
शेवटी बसवलात तर फक्त एकूण कळेल, कोणी सांडलं ते नाही. सगळं सांडपाणी मिसळून समान करणाऱ्या टाकीनंतर तर मुळीच नको, तिथे सगळे चढउतार सपाट होतात. प्रत्येक विभागाच्या गटाराला, टाकीच्या आधी, प्रवाहमापक आणि गढूळपणाचा सेन्सर लावा. सीओडी प्रयोगशाळेत मोजून दोन आठवड्यांत दोघांचं नातं बसवता येतं. सेन्सरच्या काचेवर स्निग्धांशाचा थर बसतो, तो रोज पुसायला माणूस नेमा. नाहीतर तिसऱ्या दिवसापासून सगळीकडे दूधच दूध दिसेल.